टेपवर राहून गेलेले सभागृह

पश्चिमी वाद्यवृंदांची आज अभिजात मानली जाणारी अनेक ध्वनिमुद्रणे 1950च्या दशकाच्या मध्यापासून 1970च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तीन किंवा चार ट्रॅकच्या चुंबकीय टेपवर झाली. श्रोत्यांच्या घरी मात्र ती दोन चॅनलच्या एलपीवर पोचली, कारण त्याहून जास्त चॅनल नीट वाहून नेणारी तबकडीच तेव्हा नव्हती. 1999 साली सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे एसएसीडी, बाजारात आणली आणि ही अडचण दूर झाली. त्यानंतर जुन्या मूळ टेपा कपाटांतून बाहेर निघाल्या, नव्याने उतरवल्या गेल्या आणि त्यांच्या सराउंड आवृत्त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. यांतल्या उत्तम आवृत्त्यांत ऐकू येणारा अवकाश मुद्रणाच्या दिवशीच टेपवर उतरलेला होता. कित्येक दशकांनी तो पहिल्यांदा ऐकायला मिळाला, इतकेच. पण ‘सराउंड’ याच नावाखाली अशाही आवृत्त्या विकल्या जातात, ज्यांतला अवकाश मूळ टेपवर कधीच नव्हता आणि तो संगणकावर घडवलेला आहे. कोणत्याही आवृत्तीची पारख करताना पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो : मूळ टेपवर किती ट्रॅक होते, आणि त्यांवर काय होते?

मागच्या बाजूने आवाज येण्याची गरजच काय, वादक तर समोर बसतात, अशी शंका अनेकांना येते. तिचे उत्तर सभागृहाच्या गुणधर्मात आहे. वाद्यातून निघालेला आवाज श्रोत्याकडे सरळ येतो आणि त्याच वेळी भिंती, छत, सज्जे यांवर आपटून सगळ्या दिशांनीही येतो. मोठ्या सभागृहात वाद्यापासून साधारण पाच-सहा मीटर दूर गेले की या परावर्तित आवाजाची एकूण ऊर्जा सरळ आवाजापेक्षा जास्त भरू लागते. म्हणजे तिकीट काढून बसलेला जवळजवळ प्रत्येक श्रोता जे ऐकतो त्यात वादकांइतकाच वास्तूचा वाटा असतो. 1900 साली उघडलेले बोस्टनचे सिम्फनी हॉल हे ध्वनिशास्त्राच्या हिशेबाने बांधलेले पहिले मोठे संगीतगृह. वॉलेस सॅबिन या पदार्थवैज्ञानिकाने त्याच्या घुमाऱ्याची गणिते आधी मांडली होती. तिथे आवाज थांबल्यावर घुमारा विरायला सुमारे 1.9 सेकंद लागतात. बाजूच्या भिंतींवरून येणाऱ्या पहिल्या परावर्तनांमुळे वाद्यवृंद रुंद आणि भरदार वाटतो, आणि नंतर चहूकडून येणाऱ्या घुमाऱ्यामुळे आपण त्या दालनात बसलो आहोत ही जाणीव होते. दोन स्पीकरवर हा सगळा आवाज समोरच्या दोन बिंदूंतूनच बाहेर पडतो. घुमारा ऐकू येतो, पण त्याची दिशा हरवते, आणि दिशा हरवली की तो वाद्यांच्याच आवाजावर पसरून बारकावे झाकू लागतो. स्टिरिओसाठी काम करणारे ध्वनिमुद्रक त्यामुळेच माईक वाद्यांच्या जवळ ठेवत आणि सभागृह जपून, थोडे थोडे आत घेत.

दोनपेक्षा जास्त चॅनलचा विचार एलपीपेक्षाही जुना आहे. 27 एप्रिल 1933 रोजी बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये ऐकवला. फिलाडेल्फियात अलेक्झांडर स्मॉलेन्स संचालन करत होते, तर वाद्यवृंदाचे प्रमुख लिओपोल्ड स्टोकोव्स्की वॉशिंग्टनमध्ये बसून आवाजाच्या पातळ्या सांभाळत होते. या प्रयोगात तीन माईक, तीन वाहक आणि तीन स्पीकर होते. रुंद व्यासपीठावर दोनच माईक दूरदूर ठेवले तर मधला भाग पोकळ पडतो, हे बेल प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी ओळखले होते. स्टोकोव्स्कींचे हे वेड पुढे वॉल्ट डिस्नेच्या ‘फँटेशिया’ चित्रपटापर्यंत पोचले. 1939 साली फिलाडेल्फियाच्या अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये त्याचे संगीत अनेक ट्रॅकवर मुद्रित झाले आणि 1940 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात ते ‘फँटासाउंड’ या यंत्रणेवर प्रेक्षकांभोवती वाजले. यंत्रणेचा खर्च इतका होता की मोजक्याच चित्रपटगृहांत ती बसवता आली. इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ब्लूमलाइन यांनी 1931 सालीच दोन चॅनलच्या मुद्रणाचे पेटंट मागितले होते. घरगुती बाजारात अखेर दोन चॅनलच जिंकले, कारण एलपीच्या खाचेला भिंती दोनच.

सराउंड आवृत्त्यांचा पहिला मोठा साठा अमेरिकेतल्या तीन ट्रॅकच्या टेपांमधून आला. आरसीए व्हिक्टरने 1954च्या सुरुवातीला बोस्टन आणि शिकागो इथे स्टिरिओ मुद्रणे सुरू केली. मार्च 1954मध्ये फ्रिट्झ रायनर यांनी शिकागो सिम्फनीबरोबर मुद्रित केलेली रिखार्ड श्ट्राउसची ‘आल्झो श्प्राख झराथुस्त्रा’ दोन ट्रॅकची आहे. लवकरच कंपनी अर्ध्या इंच रुंदीच्या, तीन ट्रॅकच्या टेपकडे वळली : डावा, मधला, उजवा. स्टिरिओ एलपी बाजारात यायला 1958 साल उजाडायचे होते. तोपर्यंत ही मुद्रणे बहुतेकांनी एकाच चॅनलवर ऐकली. एलपीसाठी मधला ट्रॅक डाव्या-उजव्यांत वाटून टाकला जाई. ‘लिव्हिंग स्टिरिओ’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या मालिकेची एसएसीडी आवृत्ती 2004पासून निघाली. टेपा उतरवण्याचे काम बोस्टनच्या साउंडमिरर या स्टुडिओने केले. तीनही ट्रॅक समोरच्या तीन स्पीकरना जसेच्या तसे दिले गेले. मागचे स्पीकर गप्प ठेवले गेले, कारण मागच्या बाजूचे काही मुद्रित झालेलेच नव्हते. रायनर यांच्या 1954च्या दोन ट्रॅकच्या मुद्रणांना खोटा मधला चॅनल जोडला नाही; ती स्टिरिओच राहिली. हा संयम कौतुकास्पद आहे. डबीवर ‘मल्टिचॅनल’ लिहिण्याचा मोह विक्रेत्याला नेहमीच होतो.

तीन चॅनलचा लाभ सर्वांत स्पष्टपणे एकल वादकाच्या बाबतीत कळतो. दोन स्पीकरवर मध्यभागी भासणारा वादक हा खरे तर भ्रम असतो : दोन्ही बाजूंनी सारखाच आवाज आल्यामुळे मेंदू तो मध्ये कल्पितो. डोके जरा हलले की वादकही सरकतो. याशा हाइफेट्झ यांनी 1957 साली रायनर यांच्याबरोबर मुद्रित केलेला चायकोव्हस्कीचा व्हायोलिन कन्चेर्टो, किंवा व्हॅन क्लायबर्न यांनी मे 1958मध्ये किरिल कोंद्राशिन यांच्याबरोबर न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मुद्रित केलेला त्याच संगीतकाराचा पहिला पियानो कन्चेर्टो तीन चॅनलवर ऐकला की वाद्य मधल्या स्पीकरजवळ खरोखरच उभे राहते. त्याच्या मागे आणि बाजूंना वाद्यवृंद मोकळा होतो. वाद्यवृंदातल्या लाकडी फुंकवाद्यांची जागाही, जी दोन चॅनलमध्ये बरेचदा धूसर होते, नेमकी कळते.

मर्क्युरी या कंपनीची ‘लिव्हिंग प्रेझेन्स’ मालिका याहून जास्त कडक शिस्तीची. ध्वनिमुद्रक रॉबर्ट फाइन यांनी 1951 साली शिकागोत राफाएल कुबेलिक यांनी संचालित केलेले ‘पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन’ केवळ एका माईकवर घेतले. स्टिरिओसाठी फाइन आणि निर्मात्या विल्मा कोझार्ट (पुढे विवाहानंतर कोझार्ट फाइन) यांनी वाद्यवृंदासमोर उंचावर तीन माईक टांगले आणि तेवढेच ठेवले. संगीतलिपीतल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या जागी पातळी ठरवायची आणि मग वादन संपेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. तोल सांभाळायचा तो संचालकाने आणि वादकांनी. 1960च्या दशकाच्या आरंभी त्यांनी टेपऐवजी चित्रपटासाठी वापरली जाणारी 35 मिलिमीटरची चुंबकीय फिल्मही वापरली. ती जास्त जाड आणि रुंद असल्याने एका थराचा आवाज शेजारच्या थरावर उमटण्याचा दोष कमी होई आणि खरखरही कमी राही. अंताल दोराती यांच्या मिनियापोलिस आणि लंडन इथल्या मुद्रणांचा दणदणीत, समोर उभा राहणारा आवाज याच पद्धतीतून आला. 1990च्या दशकात सीडी काढताना विल्मा कोझार्ट फाइन स्वतः यंत्रासमोर बसल्या आणि मूळ तीन ट्रॅकवरून दोन चॅनलचे मिश्रण त्यांनी पुन्हा केले. मूळ निर्मात्याच्या कानांनी झालेले असे काम ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात विरळ. 2004 साली मालिकेतली काही मुद्रणे एसएसीडीवर तीन चॅनलमध्ये आली आणि त्या तीन माईकांनी काय ऐकले होते ते श्रोत्यांना मिश्रणाशिवाय कळले.

ब्रिटनच्या डेका कंपनीनेही 1954 सालीच स्टिरिओ मुद्रणे सुरू केली. तिचेही तीन माईक होते, इंग्रजी टी अक्षराच्या आकारात बांधलेले. ‘डेका ट्री’ या नावाने ते आजही जगभर वापरले जातात. पण डेकाचे ध्वनिमुद्रक जागच्या जागी मिश्रण करून थेट दोन ट्रॅकवर आवाज घेत. त्या काळातली डेकाची मुद्रणे स्टिरिओ म्हणून अप्रतिम आहेत, मात्र त्यांतून तिसरा चॅनल वेगळा काढता येत नाही. ही गोष्ट पुढे पुन्हा येईल.

1970च्या दशकात चार चॅनलची, म्हणजे ‘क्वाड्राफोनिक’ आवाजाची लाट आली. चार कोपऱ्यांत चार स्पीकर आणि मध्ये श्रोता, अशी ती कल्पना. अडचण पुन्हा एलपीच्या दोन भिंतींची होती. कोलंबिया कंपनीच्या एसक्यू पद्धतीत चार चॅनल गणिती रीतीने दोनांत दुमडले जात आणि घरच्या यंत्राने ते उलगडायचे असत. उलगडणे अपुरे होई. साध्या यंत्रावर पुढच्या आणि मागच्या आवाजात जेमतेम तीन डेसिबलचा फरक राही, म्हणजे मागचे पुढे आणि पुढचे मागे झिरपे. जपानच्या जेव्हीसीने विकसित केलेल्या आणि आरसीएने स्वीकारलेल्या सीडी-4 पद्धतीत चारही चॅनल खरोखर वेगळे राहत, पण त्यासाठी खाचेत 30 किलोहर्ट्झची वाहक लहर कोरावी लागे. ती वाचायला खास घडणीची सुई लागे, आणि साध्या सुईने वाजवत राहिले की ती नाजूक खाच झिजे. सान्सुईची क्यूएस ही आणखी तिसरी पद्धत. एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर नीट वाजत नसे. दशक संपण्याआधीच ग्राहकांनी पाठ फिरवली.

तबकड्या फसल्या, टेपा मात्र टिकल्या. नेदरलंड्सच्या फिलिप्स कंपनीने या काळात अनेक वाद्यवृंद चार ट्रॅकवर मुद्रित केले, पण उपलब्ध तबकड्यांचा दर्जा पटला नसल्याने चार चॅनलचे काहीच बाजारात आणले नाही. जर्मनीच्या डॉइच ग्रामोफोनकडेही अशा टेपांचा मोठा साठा पडून राहिला. फिलिप्सचे ध्वनिमुद्रक दोन माईक सभागृहात मागे, घुमारा टिपण्यासाठी ठेवत. म्हणजे मागच्या दोन ट्रॅकवर वाद्ये जवळजवळ नव्हतीच. होते ते अ‍ॅमस्टरडॅमचे कॉन्सर्टखबाउ संगीतगृह किंवा लंडनचे एखादे दालन. 2001 साली फिलिप्सच्या माजी अधिकाऱ्यांनी पेंटाटोन ही कंपनी काढली. फिलिप्सचा मुद्रण विभाग तोवर पॉलिहिम्निया नावाने स्वतंत्र झाला होता. या दोघांनी मिळून त्या टेपांची मालिका एसएसीडीवर आणली. बेल्जियन व्हायोलिनवादक आर्थर ग्रुमियो यांनी कॉलिन डेव्हिस आणि कॉन्सर्टखबाउ वाद्यवृंदाबरोबर वाजवलेला बेथोव्हनचा कन्चेर्टो, सेइजी ओझावा यांनी लंडनमध्ये केलेली बेथोव्हनची नववी सिम्फनी अशी मुद्रणे त्यात आहेत. पुढे पेंटाटोनने डॉइच ग्रामोफोनच्या टेपाही घेतल्या. कुबेलिक यांनी नऊ वेगवेगळ्या वाद्यवृंदांबरोबर केलेल्या बेथोव्हनच्या नऊ सिम्फनींपैकी काही आणि ओझावा यांचे बोस्टनमधले बेर्लिओझ त्यातून चार चॅनलमध्ये आले. ब्रिटनच्या डटन या छोट्या कंपनीने आरसीए आणि कोलंबिया यांच्या जुन्या क्वाड मुद्रणांना असाच नवा जन्म दिला.

क्वाडच्या काळात सगळ्यांचे विचार सारखे नव्हते. कोलंबियाच्या निर्मात्यांना श्रोता वाद्यवृंदाच्या मधोमध बसवायचा होता. 1972 साली पिएर बुलेझ यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर बार्तोकचा ‘कन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’ मुद्रित केला तेव्हा वाद्ये श्रोत्याभोवती वर्तुळात मांडली गेली. एका बाजूने बासऱ्या, पाठीमागून पितळी वाद्ये, असा तो अनुभव. हे मुद्रण एसएसीडीवर चारही चॅनलसह परत आले आहे आणि ऐकण्यासारखे आहे. बार्तोकने वाद्यगटांना आळीपाळीने पुढे आणण्याची जी रचना केली ती त्यात उघडी दिसते. तरीही वाद्यवृंदाचा एकसंध आवाज, ज्यासाठी संगीतकार स्वरांचे थर रचतो, तो या मांडणीत विस्कटतो. शिवाय आपल्या कानांची घडण अशी आहे की समोरच्या दोन स्पीकरमध्ये आवाज स्थिर बसतो, पण बाजूच्या पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये तो बसत नाही, एका टोकाहून दुसऱ्याकडे उडी मारतो. सभागृहाची रीत धरणारी फिलिप्सची मुद्रणे म्हणूनच जास्त काळ ऐकवतात. वर्तुळाकार मांडणीला खरा न्याय मिळतो तो संगीतकारानेच वाद्ये लांब लांब ठेवली असतील तिथे. बेर्लिओझच्या 1837च्या ‘रेक्विएम’मध्ये पितळी वाद्यांचे चार गट चार कोपऱ्यांत उभे करायचे असतात, ‘सिम्फनी फँटास्टिक’च्या तिसऱ्या भागात एक ओबो पडद्याआडून उत्तर देतो. सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चसाठी जोव्हान्नी गाब्रिएली तर समोरासमोरच्या सज्ज्यांत बसणाऱ्या वादकांसाठीच लिहीत होता.

एसएसीडीने काय बदलले ते थोडक्यात असे : तिच्यावर आवाज सेकंदाला 28 लाख 22 हजार 400 नमुन्यांच्या वेगाने, प्रत्येक नमुना एक बिट, असा नोंदवला जातो, आणि त्यात स्टिरिओ व सहापर्यंत चॅनलची आवृत्ती अशा दोन्ही गोष्टी मावतात. बहुतेक तबकड्यांना सीडीचा वेगळा थरही असतो, त्यामुळे साध्या सीडी प्लेअरवरही त्या वाजतात. त्याच सुमारास आलेली डीव्हीडी-ऑडिओ फार टिकली नाही. एसएसीडीही मोठ्या कंपन्यांनी लवकरच मागे टाकली, पण अभिजात संगीताच्या छोट्या कंपन्यांनी ती जिवंत ठेवली.

रीमास्टरिंगच्या कामाची सुरुवात योग्य टेप शोधण्यापासून होते. प्रत्येक प्रतीगणिक खरखर वाढते आणि बारकावे कमी होतात, म्हणून मुद्रणाच्या वेळी यंत्रावर असलेली, कापून-जोडून तयार केलेली पहिलीच टेप हवी असते. तिच्यावर शेकडो जोड असू शकतात. पन्नास वर्षांत जोडपट्टीचा डिंक सुकतो आणि टेप फिरताना जोड सुटतात. ते हाताने पुन्हा लावावे लागतात. 1950च्या दशकातल्या टेपांचा आधार अ‍ॅसिटेटचा असे. तो ठिसूळ होतो आणि वाकडा होऊन यंत्राच्या टेप वाचणाऱ्या हेडला नीट टेकत नाही. 1970च्या दशकातल्या काही टेपांचा दोष वेगळा : चुंबकीय कण धरून ठेवणारा चिकटा हवेतले पाणी शोषून चिकचिकीत होतो आणि टेप हेडवरच सोलवटते. अशी टेप सुमारे 54 अंश सेल्सियसच्या मंद उष्णतेत काही तास ठेवली की थोड्या काळासाठी वाजवण्याजोगी होते. त्या अवधीत ती उतरवून घ्यावीच लागते.

पुढचे काम यंत्र जुळवण्याचे. सेकंदाला 38 सेंटिमीटर वेगाने धावणाऱ्या टेपवर 10 किलोहर्ट्झच्या स्वराची एक लहर 0.038 मिलिमीटर लांबीची असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण निम्मी. हेड अगदी किंचित कलले तरी टेपच्या एका कडेचा ट्रॅक दुसऱ्याच्या मागे पडतो. एकाच चॅनलला याचा त्रास कमी. चार चॅनल एकत्र वाजताना मात्र वाद्यांच्या जागा पुसट होतात आणि घुमारा पोकळ वाटतो. टेपच्या सुरुवातीला मुद्रकाने नोंदवलेले चाचणीचे स्वर इथे उपयोगी पडतात. 1966नंतरच्या अनेक टेपा रे डॉल्बी यांच्या खरखर कमी करणाऱ्या पद्धतीने मुद्रित झाल्या. त्या त्याच पद्धतीने आणि अचूक पातळीवर उलगडल्या नाहीत तर वरचे स्वर मंदावतात किंवा खालीवर हेलकावतात.

सर्वांत कठीण निर्णय खरखरीविषयी असतो. समोरून येणारी खरखर संगीतात बुडून जाते, मागच्या स्पीकरमधली तशी बुडत नाही, कारण तिथे संगीत आधीच क्षीण असते. संगणकाने ती काढणे सोपे आहे. पण विरत जाणारा घुमाराही त्याच पातळीला, त्याच स्वरपट्ट्यात असतो. खरखर खरवडली की घुमाऱ्याचे शेपूट तुटते, आणि ज्या सभागृहासाठी हा सगळा खटाटोप त्याचाच आवाज नाहीसा होतो. जुन्या टेपची थोडी खरखर तशीच ठेवणारी आवृत्ती पहिल्या मिनिटात खटकेल, पण पुढचा तासभर तीच जास्त खरी वाटते.

चार चॅनलचे मुद्रण आजच्या 5.1, म्हणजे पाच मुख्य आणि एक खोल आवाजाचा अशा चॅनलच्या, मांडणीत बसवतानाही विचार करावा लागतो. क्वाडचे मागचे स्पीकर चौकोनाच्या कोपऱ्यांत होते; आजच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार ते श्रोत्याच्या बाजूला थोडे मागे, समोरच्या मध्यरेषेपासून 110 अंशांच्या आसपास असतात. चांगल्या आवृत्त्यांत मधला चॅनल आणि खोल आवाजाचा वेगळा चॅनल रिकामा सोडतात. मागच्या चॅनलची पातळी कानाने ठरवली जाते. समोरचा आवाज आधी आणि मागचा थोड्या उशिराने आला तर मेंदू दोन्ही एकच मानतो आणि दिशा पहिल्याची धरतो. हेल्मुट हास यांनी 1951 साली मांडलेला हा परिणाम इथे कामाला येतो. वाद्यवृंदापासून 12 मीटर मागे ठेवलेल्या माईकवर आवाज सुमारे 35 मिलिसेकंदांनी उशिरा पोचतो, आणि टेपवर तो उशीर आपोआप नोंदलेला असतो. त्यामुळे मागचे स्पीकर चालू असूनही वाद्यवृंद समोरच राहतो. ते बंद केले की मात्र खोली एकदम आक्रसल्यासारखी वाटते. मागच्या चॅनलची पातळी बरोबर आहे की नाही हे तपासण्याची खूण हीच : ते वाजताना वेगळे ऐकू येऊ नयेत, थांबल्यावर मात्र त्यांची उणीव भासावी.

घरी ऐकताना तीन चॅनलच्या आवृत्त्यांना एक अट आहे. मधला स्पीकर डाव्या-उजव्यांच्या तोडीचा हवा. होम थिएटरच्या संचांत मधला स्पीकर बहुधा संवादांसाठी म्हणून लहान दिलेला असतो. त्यावर पियानोचे खालचे स्वर बारीक होतात, आणि मग दोष टेपला दिला जातो.

आता दोनच ट्रॅकच्या मुद्रणांचा प्रश्न. डॉल्बी अ‍ॅटमॉस ही पद्धत 2012 साली चित्रपटगृहांसाठी आली. तिच्यात छतातल्या स्पीकरनाही आवाज देता येतो. 2021मध्ये अ‍ॅपल म्युझिकने ती गाण्यांसाठी देऊ केल्यावर जुन्या संगीताच्या अ‍ॅटमॉस आवृत्त्यांना मागणी आली. डेकाने 1958 ते 1965 या काळात व्हिएन्नाच्या सोफियेनझालमध्ये, निर्माते जॉन कल्शॉ यांच्या देखरेखीखाली मुद्रित केलेले वाग्नरचे ‘रिंग’ हे गेऑर्ग शोल्टी यांनी संचालित केलेले चार संगीतनाट्यांचे चक्र 2022पासून मूळ दोन ट्रॅकच्या टेपांवरून पुन्हा उतरवले गेले. त्याची एसएसीडीवरची स्टिरिओ आवृत्ती आली, आणि अ‍ॅटमॉस आवृत्तीही निघाली. यांपैकी स्टिरिओ आवृत्तीत टेपवर आहे ते नव्या तपशिलाने ऐकू येते. अ‍ॅटमॉसमध्ये भोवतीचा अवकाश मात्र घडवावा लागतो. त्याच्या रीती अनेक आहेत : दोन चॅनलमधला समान आणि भिन्न भाग वेगळा काढून भिन्न भाग मागे पाठवणे, संगणकी घुमारा मिसळणे, किंवा टेप एखाद्या खऱ्या दालनात स्पीकरवर वाजवून तिथला घुमारा नव्याने मुद्रित करणे. या कामात कौशल्य असते आणि परिणाम सुखदही असू शकतो. पण सोफियेनझालचा जो आवाज मागे बसलेल्याला ऐकू आला असता तो 1958 साली कुणी टिपला नव्हता, आणि ती इमारत 2001च्या आगीत जळाली. अशा आवृत्तीला ‘पुनर्रचना’ म्हणावे. तिला मूळ टेपवरच्या सराउंडच्या पंक्तीला बसवणे ग्राहकावर अन्याय करणारे आहे. बहुसंख्य लोक अ‍ॅटमॉस हेडफोनवर ऐकतात, तिथे तर डोके आणि कानाच्या पाळीमुळे आवाजात होणारे बदल सरासरी हिशेबाने नकलून दिशा भासवली जाते. प्रत्येकाच्या कानाची घडण वेगळी असल्याने एकाला समोर वाटणारा वाद्यवृंद दुसऱ्याला डोक्यातच वाजल्यासारखा वाटतो.

चार आणि आठ ट्रॅकच्या टेपांचा उपयोग अलीकडे एका वेगळ्या दिशेनेही होऊ लागला आहे. 2023पासून डॉइच ग्रामोफोनने 1970च्या दशकातल्या मुद्रणांच्या नव्या एलपी काढायला सुरुवात केली. बर्लिनच्या एमिल बर्लिनर स्टुडिओत मूळ चार किंवा आठ ट्रॅकची टेप वाजवली जाते, तिचे दोन चॅनलमध्ये मिश्रण त्याच क्षणी होते आणि तबकडी कोरणाऱ्या यंत्राला ते थेट दिले जाते; मधली मिश्रित टेप, जिच्यावरून जुन्या एलपी निघाल्या होत्या, ती वगळली जाते. कार्लोस क्लायबर यांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर केलेली बेथोव्हनची सातवी सिम्फनी त्यात आहे, आणि हेच मुद्रण याआधी एसएसीडीवर सराउंडमध्येही आले होते. सभागृहाच्या मागच्या भागातून टिपलेला घुमारा आता दोन चॅनलमध्येही हवा तेवढा मिसळता येतो, आणि तो किती मिसळायचा हे तबकडी कोरली जात असतानाच, प्रत्येक बाजूसाठी एकदाच ठरवावे लागते.